लाखोंची किंमत सांगितलेलं स्मारक नाणं कुणी घेत नाही: नाणं ओळखायचं आणि किंमत काढायची कशी

तक्रार नेहमी एकाच स्वरूपाची असते. घरातल्या चिल्लरीत वैष्णोदेवीचं १० रुपयांचं, नाहीतर शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं स्मारक नाणं, म्हणजे कुणाच्या किंवा कशाच्या तरी स्मरणार्थ काढलेलं नाणं, सापडतं. मोबाइलवर शोधलं की तेच नाणं "५ लाख", "१० लाख" अशा किमतीला विकायला ठेवलेलं दिसतं. फोटो काढून जाहिरात टाकली की आठवडाभर फक्त "ॲडव्हान्स भरा" म्हणणारे फोन येतात. नाण्यांच्या दुकानात नेलं तर दुकानदार हातात घेऊन दोन सेकंदांत परत देतो. मग माणसाला वाटतं, दुकानदार फसवतोय किंवा आपल्याला खरा गिऱ्हाईक सापडत नाहीये.

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. नाणं अर्धवट ओळखलेलं असतं आणि किंमत चुकीच्या जागी पाहिलेली असते. या दोन चुका दुरुस्त झाल्या की घोळ संपतो, आणि हातातलं नाणं खरोखर वेगळं असेल तर तेही याच वाटेने कळतं. म्हणून खालचा क्रम सोडू नका. किमतीपासून सुरुवात केली की डोळ्यांना तेच दिसायला लागतं जे बघायची इच्छा असते.

आधी साल नीट वाचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली २० पैसे, ५० पैसे, १ रुपया आणि १० रुपये अशी नाणी निघाली. त्यांवर गांधीजींच्या चेहऱ्याखाली "१८६९-१९४८" असं असतं. ते त्यांच्या जन्म-मृत्यूचं साल आहे. नाणं पाडल्याचं साल वेगळं छापलेलंच नाही. त्यामुळे "१८६९ चं दीडशे वर्षं जुनं नाणं" अशी जाहिरात दर महिन्याला कुठे ना कुठे दिसतेच. नेहरूंच्या १९६४ च्या नाण्यावर "१८८९-१९६४" आहे, इंदिरा गांधींच्या १९८५ च्या नाण्यावर "१९१७-१९८४". इंदिराजींचं नाणं त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षीचं आहे, हे नाण्याकडे पाहून कळणार नाही.

सोपी खूण म्हणजे मागची बाजू. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नाणं स्वतंत्र भारताचं, म्हणजे १९५० च्या आधीचं असूच शकत नाही. समोर कोणतंही साल लिहिलेलं असो. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं नेहरूंचं, १९६४ चं. त्यामुळे व्यक्तीचा चेहरा आणि मागे सिंह असलेलं नाणं त्याहून जुनं निघणार नाही.

याच्याच शेजारची एक शंका: नाण्यावर "टिळक" न लिहिता "तिलक" लिहिलंय, म्हणजे छपाईची चूक आहे का? नाही. नाण्यांवरचा मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असतो. नेहरूंच्या ५० पैशांत मात्र खरा फरक आहे. त्याचे हिंदी अक्षरांचं आणि इंग्रजी अक्षरांचं असे दोन प्रकार निघाले आहेत आणि संग्राहक ते वेगवेगळे मोजतात.

ते खरंच स्मारक नाणं आहे का

भारताचा नकाशा आणि आत झेंडा असलेलं २ रुपयांचं नाणं लोक हमखास "दुर्मिळ स्मारक" म्हणून दाखवतात. त्यावर "राष्ट्रीय एकता" लिहिलेलं असतं, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. १९८२ चं मोठं गोल नाणं त्या विषयावर निघालं खरं, पण पुढे तेच चित्र नेहमीच्या चलनाला वापरलं गेलं. १९९० च्या दशकापासूनचं अकरा कोनांचं नाणं म्हणजे रोजचं २ रुपयांचं नाणं, प्रत्येक घरात पडलेलं. गेंड्याचं २५ पैसे आणि चार रेषांच्या क्रॉसचं २००६ च्या आसपासचं २ रुपयांचं नाणंही तसंच. क्रॉसवरून वाद झाला आणि त्याची चर्चा वर्षानुवर्षं टिकली, पण चर्चा झालेलं नाणं म्हणजे कमी निघालेलं नाणं असं होत नाही.

उलट बाजूची चूकही होते. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी निघाली. ती आजही सुट्या पैशांत रोज मिळतात, म्हणून कुणी त्यांना स्मारक नाणं मानायला तयार होत नाही. ती स्मारक नाणीच आहेत. फक्त चलनासाठी काढलेली.

स्मारक नाण्यांचे दोन गट लक्षात ठेवले की पुढचं सोपं जातं. एक गट बँकेतून चिल्लर म्हणून लोकांच्या हातात आला. आपल्याकडे सापडतात ती बहुतेक यातलीच: १९९९ चे शिवाजी महाराज २ रुपये, त्याच वर्षीचे संत ज्ञानेश्वर १ रुपया, २००० चं सर्वोच्च न्यायालय, २००३ ची रेल्वेची दीडशे वर्षं, २००७ चे लोकमान्य टिळक, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा, रिझर्व्ह बँकेची पंचाहत्तर वर्षं, २०१२ ची संसदेची साठ वर्षं आणि वैष्णोदेवी. दुसरा गट टांकसाळीने थेट संग्राहकांना डबीत घालून विकला. ७५, १००, १५० किंवा १००० रुपये दर्शनी किंमत असलेली नाणी त्यातली. ती दुकानात मोड म्हणून फिरत नाहीत. जाहिरातींमधला मोठा गोंधळ असा की डबीतल्या नाण्याचा भाव सांगून चिल्लरीतलं नाणं दाखवलं जातं, कारण दोघांवर चेहरा एकच असतो.

चुंबक आणि वजनकाटा

नाण्याचा धातू डोळ्याने ओळखायला जाऊ नका. घरातला छोटा चुंबक पुरतो. तांबे-निकेलच्या मिश्रधातूचं नाणं चुंबकाला चिकटत नाही, स्टेनलेस स्टीलचं चिकटतं. शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं नाणं तांबे-निकेलचं, अकरा कोनांचं, सुमारे ६ ग्रॅमचं. ते चुंबकाला चिकटलं तर ते टांकसाळीतून आलेलं नाही, असं समजायला हरकत नाही. ज्ञानेश्वरांचा रुपया स्टीलचा, तो चिकटायलाच हवा. १९६४ चा नेहरूंचा आणि १९६९ चा गांधीजींचा रुपया शुद्ध निकेलचा आहे. निकेलही चुंबकाला चिकटतं, म्हणून "चिकटलं म्हणजे लोखंडाचं, म्हणजे खोटं" असा निष्कर्ष तिथे काढू नका.

२००५ ते २००७ या काळातली ५ रुपयांची काही स्मारक नाणी तांबे-निकेल आणि स्टील अशा दोन्ही धातूंत आहेत. तेव्हा चलनाचा धातू बदलत होता. अशा नाण्याची किंमत विचारताना धातू सांगितला नाही तर मिळणाऱ्या उत्तराला अर्थ नाही. तांबे-निकेलचं ५ रुपये ९ ग्रॅमचं आणि जाडजूड, स्टीलचं ६ ग्रॅमचं. हातात घेतल्यावरही फरक जाणवतो. याहून बारीक फरकाला मात्र स्वयंपाकघरातला काटा पुरेसा नाही. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा घेतला तर बरेच वाद जागच्या जागी मिटतात. १० रुपयांचं दोन धातूंचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं.

चांदीबद्दल रोज विचारलं जातं. शिवाजी महाराज, टिळक, वैष्णोदेवी यांपैकी चलनातल्या एकाही नाण्यात चांदी नाही. चमक असली तरी नाही. १९६९ चं गांधीजींचं १० रुपयांचं नाणं मात्र चांदीचं आहे: वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा एका ग्रॅमचा भाव गुणिले १२ केलं की त्या नाण्याची किमान किंमत निघते. त्याखाली ते देऊ नका. हा हिशेब २ आणि ५ रुपयांच्या नाण्यांना लागू होत नाही. आणि "धातूची किंमत जास्त आहे, वितळवून विका" असा सल्ला कुणी दिला तर त्यापासून लांब राहा. २०११ च्या नाणे कायद्यानुसार चलनी नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

टांकसाळीची खूण

इथे थोडा वेळ द्या. एकाच नाण्याच्या दोन प्रतींत खरा फरक पडतो तो बहुतेकदा या खुणेमुळे.

देशात चार टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. सालाच्या खाली मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची पाच टोकांची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूणच नसते, जागा कोरी. म्हणून "माझ्या नाण्यावर खूण छापायची राहिली, चुकीचं नाणं आहे" हा दावा पहिल्याच पायरीवर बाद होतो. ते कोलकात्याचं नाणं आहे. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर मधोमध चिरलेला हिरा किंवा पोटात ठिपका असलेला हिराही दिसतो, आणि तोच मुंबईचा समजून लोक फसतात.

घासलेल्या नाण्यावर हिऱ्याचे कोपरे झिजले की तो ठिपक्यासारखा दिसतो. चांदणीची टोकं बुजली की तीही ठिपका होते. त्यामुळे "नोएडा" म्हणून दाखवलेली बरीच नाणी प्रत्यक्षात मुंबईची किंवा हैदराबादची असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नाणं खिडकीजवळ न्या आणि उजेड बाजूने पडेल असं तिरकं धरा. सरळ वरून पडलेल्या उजेडात उठाव दिसत नाही. आता खुणेचा वरचा भाग न पाहता तिचा तळ पाहा, जिथे ती नाण्याच्या सपाट पृष्ठभागाला टेकते. वरचे कोपरे झिजले तरी तळाची रेषा बरीच टिकलेली असते. चार बाजू सरळ असतील तर हिरा. तरीही शंका असेल तर त्याच सालाचं कोणतंही साधं, कमी झिजलेलं नाणं शेजारी ठेवून खुणेचा आकार ताडून बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. फोटो मोठा करताना तो कडा गुळगुळीत करतो आणि हिऱ्याचा ठिपका होतो.

सालाखाली "एम" किंवा "बी" अक्षर दिसलं तर थांबा. प्रूफ नाण्यांवर मुंबई टांकसाळीने आधी "बी" आणि १९९६ पासून "एम" वापरलं आहे. प्रूफ म्हणजे घासूनपुसून आरसा केलेल्या चकतीवर खास साच्याने पाडलेलं, संग्राहकांसाठीचं नाणं. ते चुकून चलनात आलेलं असेल आणि अजून चांगल्या अवस्थेत असेल तर जाणकाराला दाखवण्यासारखं आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत परदेशी टांकसाळींतूनही नाणी पाडून आणली होती, त्यांच्या खुणा वेगळ्या असतात. पण तो प्रश्न मुख्यतः रोजच्या नाण्यांचा आहे.

अवस्था: किंमत इथे ठरते

लोक चेहरा पाहून किंमत विचारतात, घेणारा अवस्था पाहून देतो. चलनात फिरलेलं, सहज मिळणारं स्मारक नाणं दर्शनी किमतीचंच असतं. तेच नाणं टांकसाळीतून निघाल्यावर कुणी वापरलंच नसेल, ज्याला संग्राहक "यूएनसी" म्हणतात, तर त्याला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मिळू शकतात. पट मोठी वाटली तरी मुळात नाणं २ रुपयांचं आहे, हे विसरू नका.

न वापरलेलं नाणं ओळखायची एक पद्धत आहे. नाणं कडेने धरून दिव्याखाली हळूहळू फिरवा. टांकसाळीची मूळ झळाळी असेल तर उजेडाचे पट्टे नाण्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सरकताना दिसतात. पॉलिश केलेलं नाणं चकाकतं, पण सगळीकडून सारखं. त्यात पट्टे फिरत नाहीत. मग उंच भाग तपासा: शिवाजी महाराजांच्या नाण्यावर गाल, दाढी आणि जिरेटोप, मागच्या बाजूला मधल्या सिंहाचं नाक आणि छाती. झीज सगळ्यात आधी तिथे येते. तिथला रंग बाकी पृष्ठभागापेक्षा थोडा मंद, राखाडी दिसत असेल तर नाणं फिरलेलं आहे, मग अक्षरं कितीही ठसठशीत असोत. पिशव्यांत एकमेकांवर आपटून पडलेले बारीक खड्डे यूएनसी नाण्यावरही असतात. ती झीज नव्हे.

नाणं साफ करू नका. हे मी ज्याला त्याला सांगतो, कारण यात होणारं नुकसान परत फिरवता येत नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, पितळ उजळायचा द्राव यांपैकी काहीही लावलं की पृष्ठभागावर केसासारखे ओरखडे उठतात. भिंगाखाली ते समांतर रेषांसारखे दिसतात आणि संग्राहक ते पाहूनच नाणं बाजूला ठेवतो. आजोबांनी जपून ठेवलेलं, काळसर पडलेलं नाणं जसं आहे तसंच चांगलं. फारच माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि न चोळता मऊ कापडावर टिपून घ्या. वैष्णोदेवीच्या नाण्याला सोन्याचा मुलामा देऊन किंवा देवीला रंग भरून विकणारे आहेत. भक्तीने घ्यायचं तर जरूर घ्या, पण संग्राहकाच्या दृष्टीने ते खराब केलेलं नाणं आहे.

"चुकीचं पडलेलं" नाणं

टांकसाळीतल्या खऱ्या चुकांना मागणी असते, म्हणून प्रत्येक ओरखडा चूक म्हणून विकला जातो. सगळ्यात सोपी तपासणी साच्याच्या दिशेची. चेहरा सरळ धरून नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटा. भारतीय नाण्यात सिंहही सरळ उभे दिसायला हवेत. ते थोडेसे कललेले असतील तर तसं बऱ्याचदा होतं. आडवे किंवा पूर्ण उलटे असतील तर ते जपून ठेवण्यासारखं आहे.

अक्षरं दुहेरी दिसत असतील तर दुसरी रेघ भिंगाखाली पाहा. ती पायरीसारखी सपाट आणि मूळ अक्षरापेक्षा खालच्या पातळीवर असेल तर ठसा उठताना साचा थोडा हलला आहे. अशी नाणी ढिगाने मिळतात आणि त्यांना वेगळी किंमत नाही. एका बाजूला दुसऱ्या नाण्याचा उलटा ठसा दिसत असेल तर दुसरी बाजू आणि कड तपासा. दोन नाणी शिकंज्यात दाबून घरी बनवलेल्या "चुकी"त ठसा उथळ असतो आणि दाबामुळे काठ कुठे ना कुठे चेपलेला असतो. टांकसाळीत झालेल्या खऱ्या चुकीत त्या बाजूचं मूळ चित्र मुळातच उमटलेलं नसतं. चित्र असून त्यावर चेपल्याची खूण असेल तर ती नंतर झालेली इजा आहे.

कंपनीच्या काळातली देवांची नाणी

विषय थोडा बाजूचा, पण प्रश्न त्याच माणसांकडून येतो. "१८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं, हनुमान असलेलं अर्धा आण्याचं नाणं", कधी राम दरबार, कधी १७१७, कधी १६१६. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत. संपूर्ण हिंदुस्थानासाठी एकसारखं चलन कंपनीने १८३५ पासून आणलं. ही नाणी म्हणजे नंतर बनवलेल्या देवदेवतांच्या मुद्रा आहेत. तांदूळ ओढून घेतात, अंगात वीज आहे वगैरे सांगून त्यांच्यासाठी घरं गहाण टाकायला लावणाऱ्या टोळ्या आहेत. घरात अशी मुद्रा असेल तर देव्हाऱ्यात ठेवा, बाजारात नेऊ नका.

आता किंमत

जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. तिथे कुणीही कितीही लिहू शकतो, त्याला पैसे पडत नाहीत. दहा लाखांची एक जाहिरात पाहून दुसरा बारा लाख लिहितो आणि बघता बघता तो "बाजारभाव" म्हणून व्हिडिओत येतो. तुम्हाला हवी आहे विक्री झालेली किंमत. ती पाहायची जागा म्हणजे लिलावांचे जाहीर निकाल आणि विक्री पूर्ण झालेल्या नोंदी. त्यात नेमकं तेच नाणं पाहा: तेच साल, तोच धातू, तीच टांकसाळ, तीच अवस्था. यातली एक गोष्ट जरी वेगळी असेल तर ती नोंद तुमच्या कामाची नाही.

दुसरा उपाय उलट्या बाजूने. तेच नाणं तुम्हाला विकत घ्यायचंय असं समजून दोन-तीन नाणे विक्रेत्यांना भाव विचारा. शिवाजी महाराजांचं फिरलेलं नाणं ते किती रुपयांना देतात ते ऐका. विक्रेता स्वतः घेताना त्याहून बरंच कमी देणार, कारण त्याला ते ठेवायचं आहे, विकायचं आहे. त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी तुमचं नाणं आहे. दहा ठिकाणी भरपूर उपलब्ध असलेलं नाणं कुणी लाखात घेत नाही, हेही या फोनांत लगेच कळतं.

दर्शनी किंमत हा तळ असतो, पण सगळ्यांना नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आहेत. १९८२ च्या आशियाई खेळांचं २५ पैशांचं नाणं आता दुकानात चालणार नाही, त्याला जी काही किंमत असेल ती संग्राहकाकडेच. ५० पैसे मात्र अजून वैध आहेत. १० रुपयांची सगळी नाणीही वैध आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलं होतं की तेव्हापर्यंत आलेले १० रुपयांचे चौदाही नमुने चालतात. रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही. हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, त्याआधीच्या नाण्यांवर ते नसणारच. दुकानदाराने नाकारलेलं १० रुपयांचं वैष्णोदेवीचं नाणं खोटं आहे असं समजून कमी किमतीत देऊन टाकू नका.

"आम्ही घेतो, आधी शुल्क भरा"

नाणं विकायला ठेवल्यावर येणाऱ्या फोनची ठरलेली पद्धत आहे. भाव न घासता लगेच होकार, मग रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र, मग नोंदणी शुल्क, मग जीएसटी, मग "गाडी निघाली आहे, विमा भरा". प्रत्येक वेळी रक्कम वाढते आणि आधी भरलेले पैसे सोडवत नाहीत म्हणून माणूस पुढचे भरतो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या व्यवहारात ती नाही, त्यासाठी कोणतंही शुल्क किंवा कमिशन ती मागत नाही आणि तिने कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. खरा गिऱ्हाईक पहिला प्रश्न नाण्याबद्दल विचारतो: दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, टांकसाळ. जो फक्त तुमचं नाव, आधार आणि खातं विचारतो त्याला नाणं नकोच आहे. आणि यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका" असं ऐकलं की तिथेच फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. व्यवहाराचे क्रमांक आणि संभाषण पुसू नका, तक्रारीला तेच लागतं.

विकायचं, ठेवायचं, की खर्चायचं

फिरलेलं, सहज मिळणारं नाणं एकटं विकायला जाऊ नका. टपालखर्च नाण्यापेक्षा जास्त होतो. त्यापेक्षा विषय धरून संच करा: महाराष्ट्रातल्या व्यक्तींची नाणी म्हणून शिवाजी महाराज, ज्ञानेश्वर, तुकाराम, टिळक, आंबेडकर, किंवा एकाच नाण्याच्या चारही टांकसाळी, जिथे चारही असतील तिथे. नव्याने छंद लागलेल्या मुलांना असा संच हवाच असतो आणि तो नाण्यांच्या प्रदर्शनात किंवा संग्राहक मंडळाच्या बैठकीत सहज जातो. आंबेडकरांचा १९९० चा रुपया अशा संचात मनापासून मागितला जातो, जरी एकट्याला मोठी किंमत नसली तरी.

ठेवायचं असेल तर पुठ्ठ्याच्या, पारदर्शक खिडकी असलेल्या छोट्या चौकटीत ठेवा. स्टेपलर मारला तर पिना चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. त्यांत काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. चौकटीवर साल, टांकसाळ, धातू आणि नाणं कुठून मिळालं ते पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी किंमत सांगेल तेव्हा नाणं बाहेर काढायची गरज पडणार नाही.

आणि फिरलेल्या नाण्यांचे ढीग साठले असतील तर त्यातली प्रत्येक प्रकारची दोन चांगली ठेवा, बाकीची बिनधास्त खर्च करा. ती चलनासाठीच पाडलेली आहेत.